काळी खिडकी लपवल्यावर घोस्टस्क्रिप्ट का अडकतं?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नारायण पेठेतल्या छापखान्यासाठी तुम्ही सी-शार्पमध्ये छोटं डेस्कटॉप ॲप्लिकेशन लिहिलंय. ऑपरेटर त्यात पीडीएफ टाकतो, आतून घोस्टस्क्रिप्ट (पीडीएफवर प्रक्रिया करणारा प्रोग्राम) चालतं आणि प्लेटला पाठवण्याजोगी फाइल तयार होते. आधी दर फाइलला काळी खिडकी उघडायची. ऑपरेटरने ती दोन वेळा अर्ध्यातच बंद केली, म्हणून तुम्ही ती लपवली. तेव्हापासून बत्तीस पानी पुस्तिका होते, अडीचशे पानांचा दिवाळी अंक होतो, पण साडेचारशे पानांची कादंबरी टाकली की सगळं गोठतं. खिडकी परत दाखवली की तीच कादंबरी बिनबोभाट होते. तुमचा संशय फाइलवर आहे.

फाइल निर्दोष आहे. तुमचा कोड पाहता दोष क्रमाचा आहे: तुम्ही आधी प्रोग्राम संपायची वाट बघता आणि मग त्याचं आउटपुट, म्हणजे तो काम करताना छापतो तो मजकूर, वाचता.

आधी खिडकीबद्दल, कारण गोंधळ तिथून सुरू होतो. विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई फाइलच्या मथळ्यात एक नोंद असते: हा प्रोग्राम कन्सोलचा (नुसत्या मजकुराच्या काळ्या खिडकीत चालणारा) की ग्राफिकल. कन्सोलचा असेल आणि त्याला सुरू करणाऱ्याकडे स्वतःचा कन्सोल नसेल, तर विंडोज त्याला नवा कन्सोल देतं. तुमच्या विंडोज फॉर्म्स ॲप्लिकेशनकडे कन्सोल नसतो, म्हणून काळी खिडकी. ती टाळायला ‘क्रिएट नो विंडो’ हे सेटिंग खरं (ट्रू) आणि ‘यूझ शेल एक्झिक्यूट’ खोटं (फॉल्स), एवढंच लागतं, आणि ते तुम्ही बरोबर केलंय. दुसरं खोटं ठेवायला विसरलं तर पहिल्याचा उपयोग होत नाही. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये ते मुळातच खरं असतं, डॉट नेट कोअरपासून खोटं. त्यामुळे नेटवरचा एकच नमुना कोड एकाकडे चालतो आणि दुसऱ्याकडे नाही.

पण ती खिडकी नुसती डोळ्यांना खुपणारी वस्तू नव्हती. ती आउटपुट उपसून घेत होती, प्रश्न विचारला गेला तर दाखवत होती, चूक झाली तर लाल-पांढऱ्या अक्षरांत का होईना सांगत होती, आणि काम हाताबाहेर गेलं तर बंद करायला एक फुली देत होती. ती लपवली की ही सगळी कामं तुमच्या कोडकडे येतात. एका ओळीत खिडकी जाते. तिची कामं करायला पन्नास ओळी लागतात, आणि त्या लिहाव्याच लागतात.

आता कादंबरी का अडकते ते बघा. आउटपुट तुमच्याकडे वळवलं की घोस्टस्क्रिप्ट आणि तुमचं ॲप्लिकेशन यांच्यामध्ये एक पाइप येतो, म्हणजे एकाचा मजकूर दुसऱ्याकडे नेणारी वाट. त्या पाइपची साठवण मर्यादित असते: विंडोजवर मुळात जेमतेम ४ किलोबाइट, लिनक्सवर ६४. ती भरली की लिहिणारा प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि कोणीतरी वाचून जागा करण्याची वाट बघतो. तिकडे तुमचा कोड तो प्रोग्राम संपायची वाट बघतोय. दोघंही एकमेकांसाठी थांबलेले, आणि दोघांपैकी कोणीच हलणार नाही.

पानांचा हिशेब तर हातानं मांडता येतो. घोस्टस्क्रिप्ट दर पानाला ‘पेज’ आणि पानाचा आकडा अशी एक ओळ छापतं. ओळीच्या शेवटाची दोन अक्षरं धरली तर पहिल्या नऊ पानांच्या ओळी आठ-आठ बाइटच्या, नव्याण्णवपर्यंत नऊ-नऊच्या, पुढे दहा-दहाच्या. म्हणजे ९९ पानांना ८८२ बाइट. सुरुवातीला आवृत्ती आणि परवान्याचा मजकूर येतो, त्याचे अडीचशेच्या आसपास धरा. ४०९६ मधून हे वजा केले तर उरतात २९६४, म्हणजे आणखी २९६ ओळी. गाडी अडणार ती चारशेच्या जरा अलीकडे. तुमचा दिवाळी अंक अडीचशेचा, तो सुटतो. कादंबरी साडेचारशेची, ती अडकते. तुमच्या आवृत्तीत मजकूर थोडा लांब-आखूड असेल तर पाच-दहा पानं मागेपुढे होतील, पण टास्क मॅनेजरमध्ये घोस्टस्क्रिप्ट शून्य टक्के सीपीयू खात नुसतं बसलेलं दिसलं, तर निदान पक्कं समजा.

उपाय असा. प्रोग्राम सुरू झाल्या झाल्या, वाट बघायच्या आधी, ‘बिगिन आउटपुट रीडलाइन’ आणि ‘बिगिन एरर रीडलाइन’ दोन्ही चालू करा. दोन्ही, कारण एरर वेगळ्या पाइपनं येतात आणि तोही तसाच भरतो. आधी एक पूर्ण वाचून मग दुसरा वाचायला घेतला तर तीच कोंडी दुसऱ्या बाजूनं होते. आलेल्या ओळी एका यादीत साठवा. मग मुदत देऊन ‘वेट फॉर एक्झिट’ करा, आणि त्यातून ‘ट्रू’ परत आलं की एकदा मुदतीशिवाय पुन्हा तेच बोलवा. नाहीतर शेवटच्या काही ओळी हातात यायच्या आधीच तुमचा कोड पुढे जातो, आणि चूक का झाली त्याचं कारण नेमकं त्याच ओळींत असतं. हे सगळं बटणाच्या क्लिकमध्ये थेट करू नका. मुख्य थ्रेड (खिडकी आणि बटणं सांभाळणारा कामाचा धागा) अडला की विंडोज ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणणार आणि ऑपरेटर ॲप्लिकेशनच मारणार. डॉट नेट ५ किंवा पुढचं वापरत असाल तर ‘वेट फॉर एक्झिट असिंक’ आहे, ते घ्या.

यातून एक मोठी सोय फुकट मिळते. ज्या ‘पेज’ ओळींनी पाइप तुंबत होता, त्याच ओळींवर प्रगतीची पट्टी चालते. एकूण पानांचा आकडा घोस्टस्क्रिप्ट सुरुवातीलाच सांगतं. ओळ वेगळ्या थ्रेडवर येते, म्हणून पट्टी हलवताना ‘बिगिन इन्व्होक’मधून मुख्य थ्रेडवर जा. काळी खिडकी बंद करणाऱ्या ऑपरेटरला नेमकं हेच हवं होतं: काम चालू आहे की मेलंय, हे कळणं.

कोणी तुम्हाला सांगेल, की ‘क्यू’ स्विच (आज्ञेला जोडायचा पर्याय) लावा, घोस्टस्क्रिप्ट गप्प होतं आणि अडकणंही थांबतं. थांबतं खरं, पण दुखणं तसंच राहतं. एखादी मोडकी पीडीएफ आली आणि तक्रारींचा पाऊस पडला की पाइप परत भरणार. शिवाय छापखान्याच्या दृष्टीनं त्या ओळी सोन्यासारख्या आहेत. फाइलमध्ये फॉन्ट घातलेला नसेल तर घोस्टस्क्रिप्ट दुसराच फॉन्ट वापरतं आणि तसं छापून सांगतं. मराठी मजकुराचं त्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे: जोडाक्षरं फुटतात, कधी सबंध परिच्छेद वेगळ्याच चिन्हांत येतो. ही सूचना दाबून टाकली आणि हजार प्रती छापल्या, तर तो कागद रद्दीत जाणार.

आता प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामचं. घोस्टस्क्रिप्टला ‘नोपॉझ’ दिलं नाही तर ते प्रत्येक पानानंतर एंटर दाबायची वाट बघू शकतं. ‘बॅच’ दिलं नाही तर काम संपल्यावर पुढच्या आज्ञेची वाट बघत बसतं. खिडकी असती तर ते दिसलं असतं. दोन्ही स्विच लावाच, आणि वर स्टँडर्ड इनपुटही (प्रोग्राम टाइप केलेलं वाचतो ती वाट) वळवून लगेच बंद करून टाका. मग विचारायची वेळ आलीच तर प्रोग्रामला समोर कोणी नाही हे कळतं आणि तो संपतो. व्हिडिओ बदलणाऱ्या एफएफएमपेगचंही असंच: आउटपुट फाइल आधीपासून असेल तर ते पुसू का म्हणून विचारतं, तिथे ‘वाय’ किंवा ‘एन’ आधीच द्यावं लागतं.

चुकांबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ही किंमत मी मोजलेली आहे. २०१६ मध्ये भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपसाठी मी जॉब कार्डांचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. रोज रात्री पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप माझा प्रोग्राम गुपचूप घ्यायचा: आत त्याचं बॅकअपचं साधन ‘पीजी डम्प’, आणि आउटपुट मोठ्या-पेक्षा (>) चिन्हानं तारखेच्या नावाच्या फाइलमध्ये. मी सर्व्हर ९.३ वरून ९.५ वर नेला, पण प्रोग्रामच्या फोल्डरमधला ‘पीजी डम्प’ जुनाच राहिला. जुना ‘पीजी डम्प’ स्वतःपेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा बॅकअप घेत नाही, स्पष्ट नकार देऊन थांबतो. तो नकार एररच्या वाटेनं जात होता आणि ती वाट मी कुठेच जोडली नव्हती. पण ते चिन्ह प्रोग्राम चालायच्या आधीच रिकामी फाइल बनवतं. त्यामुळे रोज सकाळी नवी तारखेची फाइल दिसायची, सगळे निश्चिंत. पाच आठवड्यांनी हार्ड डिस्क गेली तेव्हा मी फोल्डर उघडला आणि पस्तीस फाइली शून्य किलोबाइटच्या निघाल्या. तिथल्या दोन मुलांनी कागदी चलनांवरून आठवडाभर बसून नोंदी परत भरल्या. त्यांच्या शेजारी मीही बसलो होतो. त्यानंतर एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना परत देतो तो आकडा) न तपासता मी एकही प्रोग्राम चालवलेला नाही.

तेव्हा एक्झिट कोड बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका. शून्य म्हणजे यश हा रिवाज आहे, सगळे तो पाळत नाहीत. फाइली कॉपी करणाऱ्या रोबोकॉपीत ० ते ७ हे सगळे यशाचेच प्रकार आहेत, ८ पासून अपयश. आणि घोस्टस्क्रिप्ट मोडकी पीडीएफ जमेल तशी दुरुस्त करून शून्यही परत देऊ शकतं, फक्त आउटपुटमध्ये चार तारे मारून ‘एरर’ लिहितं. साठवलेल्या ओळींत ती खूण आणि फॉन्ट बदलल्याची ओळ शोधा, आणि सापडली तर ऑपरेटरला तीच ओळ दाखवा. ‘काहीतरी चुकलं’ असा संदेश त्याच्या काही कामाचा नाही.

फाइलींच्या नावांनीही तुम्हाला त्रास होईल, अजून झाला नसेल तर. ‘श्रावण विशेषांक अंतिम’ अशा नावात रिकाम्या जागा असतात, म्हणून पथ अवतरणचिन्हांत हवा. डॉट नेट कोअर २.१ पासून ‘आर्ग्युमेंट लिस्ट’ आहे, ती हे काम नीट करते. हातानं स्ट्रिंग जोडत बसू नका. आणि मध्ये ‘सीएमडी’ (विंडोजचा आज्ञा चालवणारा प्रोग्राम) घालू नका. नावात अँडचं चिन्ह आलं की तो त्याचा अर्थ दुसरी आज्ञा असा घेऊ शकतो, आणि गिऱ्हाइकानं दिलेल्या नावातून तुमच्या संगणकावर आज्ञा चालणं ही गंभीर गोष्ट आहे. देवनागरीचं वेगळं दुखणं: विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचं एएनएसआय कोड पेज (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) नाहीच, ती फक्त युनिकोडमधून चालते. जुन्या वाटेनं नाव मागणाऱ्या प्रोग्रामला नुसती प्रश्नचिन्हं मिळतात. मी सरळ फाइलची प्रत साध्या इंग्रजी नावानं तात्पुरत्या फोल्डरमध्ये करतो, तिथेच काम उरकतो, कोड आणि ओळी तपासतो, आणि सगळं ठीक असेल तरच निकालाला मूळ मराठी नाव देऊन जागेवर हलवतो. अर्धवट फाइल प्लेटला जाण्याचा धोकाही यातून टळतो.

मुदत संपली तर प्रोग्राम मारावा लागतो. तुम्ही घोस्टस्क्रिप्ट थेट चालवताय, त्यामुळे ‘किल’ पुरतं. बॅच फाइलमधून (आज्ञांची यादी असलेल्या फाइलमधून) चालवलं असतं तर बॅच मेली असती आणि घोस्टस्क्रिप्ट मागे फाइल धरून बसलं असतं; तिथे डॉट नेट कोअर ३.० पासून ‘किल’ला सगळं झाड, म्हणजे प्रोग्राम आणि त्यानं सुरू केलेले सगळे प्रोग्राम, मारायला सांगता येतं. एक अजून: ‘जीएसविन६४’ आणि ‘जीएसविन६४सी’ अशा दोन ईएक्सई असतात. ‘सी’वालीच घ्या. दुसरी स्वतःची खिडकी उघडते आणि तिचं बोलणं तुमच्यापर्यंत येत नाही.

खाली कोणीतरी पायथॉनबद्दल विचारलंय: ३.७ पासून ‘सबप्रोसेस’मध्ये ‘क्रिएट नो विंडो’ आहे. नोडमध्ये ‘विंडोज हाइड’. पॉवरशेलचं ‘विंडो स्टाइल हिडन’ मात्र क्षणभर चमकतंच, कारण खिडकी आधी उघडते आणि मग लपते.

बदल झाले की चार फाइली चालवून बघा: तीच कादंबरी, एक पीडीएफ जिचा शेवटचा तुकडा कापून टाकलाय, एक जिच्या नावात मराठी शब्द, रिकामी जागा आणि अँडचं चिन्ह आहे, आणि एक साधीच, पण निकाल जवळजवळ भरलेल्या पेन ड्राइव्हवर लिहायला लावून. दुसऱ्या आणि चौथ्या वेळी ऑपरेटरच्या पडद्यावर काय दिसलं ते इथे लिहा, मग पुढचं बघू.