पहिला ओल्ड फॅशन्ड (व्हिस्कीचं कॉकटेल) करताय? मग एवढंच सांभाळा

शेकर आत ठेवून द्या. हा हलवायचा नाही, ढवळायचा प्रकार आहे. ६० मिली बर्बन (अमेरिकन व्हिस्की), थोडी साखर, २ डॅश (म्हणजे काही थेंब) बिटर्स हा कडवट अर्क, संत्र्याची साल, बस्स. ट्विस्ट हवाच असेल तर साखरेऐवजी छोटा चमचाभर मेपल सिरप घाला. तळाशी कचकचणाऱ्या साखरेची कटकटही वाचते.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- बर्फाचा चुरा. पेय लगेच पाणचट होतं. एकच मोठा खडा घ्या, वीसेक सेकंद ढवळा.
- सालीचा पांढरा भाग. तो कडू लागतो. साल पातळ काढून ग्लासवर पिळा. तेलाचे बारीक तुषार उडताना दिसले पाहिजेत.
- अंदाजपंचे ओतणं. मीही महिनाभर हेच केलं, दरवेळी चव वेगळी!

पेयाला धुराचा स्वाद देण्याचे प्रयोग नंतर.