सीआरपीचा आकडा आणि ‘काय सुधरंना’ची तक्रार

सांगली

प्रिय डॉक्टर,

तुझ्या थिसिसची सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, वाचला. विषय चांगला निवडलायस. नैराश्याच्या रुग्णांना आपलं डोकं चालत नाही असं वाटतं, त्याचा रक्तातल्या सीआरपी आणि आयएल-६ या अंगातली सूज दाखवणाऱ्या प्रथिनांशी काही संबंध लागतो का, हे बघायलाच हवं. पण रुग्णाची तक्रार म्हणजे लक्ष-स्मरणाच्या चाचणीची कच्ची नक्कल, असं तू धरून चाललायस. ते मला पटत नाही.

आपल्या ओपीडीत ‘एकाग्रता कमी झाली’ असं कोण म्हणतं? ‘डॉक्टर, काय सुधरंनाच झालंय’ म्हणतात, म्हणजे काही सुचेनासं झालंय. बचत गटाचा हिशेब बघणारी बाई सांगते, नोटा तीन-तीनदा मोजते, तरी वहीत आकडा लिहिताना हात अडतो. तिलाच अंक आणि चिन्हं जुळवायची चाचणी दिली, तर वयाच्या मानाने बरे गुण काढते. म्हणून ती खोटं बोलते का? चाचणी शांत खोलीत होते. तिथे कुकरची शिट्टी नसते, की मधेच सासऱ्यांची हाक नसते. चाचणी तिला चारचौघींशी ताडते. ती स्वतःला गेल्या वर्षीच्या स्वतःशी ताडते. शिवाय उदास माणूस स्वतःला गुण देताना हात आखडतो, हेही खरंच. त्यामुळे तक्रार आणि चाचणी यांचा मेळ बहुतेक अभ्यासांत सैल निघतो आणि तक्रार नैराश्याच्या तीव्रतेच्या मागे जास्त जाते. दोन्ही मोज, पण दोन वेगळ्या गोष्टी म्हणून.

इथेच एक खाच आहे. नैराश्य मोजायच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीचा सातवा प्रश्न लक्ष लागत नाही याचाच आहे. तक्रारीच्या प्रश्नावलीचा त्याच्या एकूण गुणांशी संबंध काढलास, तर एकच गोष्ट दोनदा मोजशील. तो प्रश्न वगळूनही हिशेब करून बघ. क्लोनाझेपाम, अमिट्रिप्टिलीन यांची नोंदही ठेव. डोकं जड करायला ती औषधंही पुरेशी असतात.

आता रक्त. आयएल-६चा निरोप आला की यकृत सीआरपी बनवतं, आणि निरोप धाडणारे पुष्कळ. पोटावरची चरबी, बिडी-सिगारेट, मोडलेली झोप, गर्भनिरोधक गोळ्या, सुजलेल्या हिरड्या. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका कमी नाहीत. तोंड उघडून हिरड्या बघितल्याशिवाय वाढलेला आकडा नैराश्याच्या खात्यावर टाकू नकोस. पावसाळ्यात, त्यातून कृष्णेला पूर येऊन गेला असेल तर, तापाच्या साथी असतातच. सीआरपी १०च्या वर (लिटरला मिलिग्रॅम, पुढचे आकडेही तसेच) दिसला तर आधी संसर्ग शोध आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा रक्त घे. आयएल-६ दिवसभरात वरखाली होतं, तेव्हा सगळ्यांचं रक्त सकाळी, उपाशीपोटी आणि एकाच वेळेला. (हळदीच्या पेठेचं गाव आपलं, हळद खाऊन सीआरपी उतरेल का असं कुणीतरी विचारणारच. त्यातलं कर्क्युमिन तोंडावाटे घेतलं तर रक्तात फार थोडं पोचतं, एवढं सांग आणि पुढे चल.)

सीआरपी ३च्या वर असणारे नैराश्याचे रुग्ण साधारण चारात एक. म्हणजे बहुतेकांचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येणार. २०१३ साली अमेरिकेत, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी झाली. संधिवातात देतात तेच औषध. सगळे एकत्र धरले तर ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसापेक्षा, सरस ठरलं नाही. ज्यांचा सीआरपी ५च्या वर होता त्यांच्यात मात्र फायद्याची चिन्हं दिसली. म्हणून नुसती सरासरी काढून थांबू नकोस. सीआरपी चढलेल्यांचा गट वेगळा काढून त्यांच्या तक्रारी बघ. थकवा, झोप आणि भूक यांच्याशी सीआरपीचं नातं आधीच दिसून आलंय. ‘सुधरंना’मागे थकवाच किती आहे, हे तुझ्या थिसिसमधून निघालं तरी मी खूश होईन.

आणि ती बाई रिपोर्ट हातात घेऊन विचारेल, ‘यात काय निघालं नाही, मग मला होतंय ते खोटं का?’ त्या वेळी घाई करू नकोस. बसवून घे तिला. रक्तात सूज दिसली नाही म्हणजे त्रास नाही असं नव्हे, हे तिच्या नवऱ्यालाही ऐकू जाईल असं सांग.

दुरुस्त सिनॉप्सिस एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी मला दाखव. वजन, तंबाखू-मशेरी आणि चालू औषधं यांचे रकाने नसतील, तर सही मिळणार नाही.