उरलेल्या सागातून पहिला पाट

पहिल्यांदाच करताय तर स्टूलच्या नादी लागू नका, पाट करा. जुन्या चौकटीचा साग मिळाला तर सोन्याहून पिवळं. आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याचं पातं खराब करतो, आणि कार्यशाळेतलं पातं सगळ्यांचं असतं.

18 इंच लांब, 6 इंच रुंद, 1 इंच जाड अशा दोन फळ्या घ्या. कडा रंधून एकमेकींवर टेकवा, उजेडासमोर धरा. फट दिसली तर पुन्हा रंधा. फेविकॉल फट भरून काढत नाही. साग तेलकट, म्हणून कडा थिनरने पुसून वाळू द्या, मगच चिकटवा. शिकंजा (फळ्या दाबून धरणारा क्लॅम्प) आवळताना जोडावर फेविकॉलचे बारीक थेंब सगळीकडे सारखे आले की थांबा. हे काम संध्याकाळी शेवटी घ्या, म्हणजे शिकंजे रात्रभर राहतील.

खालचे दोन आडवे ठोकळे मात्र कधीच चिकटवू नका, स्क्रूने बसवा. बडोद्याच्या पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. जखडलेली फळी तडकते. ठोकळ्याचं मधलं भोक गोल, कडेची दोन ठोकळ्याच्या लांबीत लांबट ठेवा. 1 इंची ठोकळ्याला दीड इंची स्क्रू पुरे, मोठा घेतला तर टोक वर येईल.