काशीहून आलेल्या बॅगा अजून बाल्कनीत आहेत

प्रश्न : ताई, नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन काशी-प्रयागला जाऊन आलो, जाता-येता ट्रेन आणि चार रात्री लॉज. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या दंडावर आणि मुलीच्या मानेवर ओळीत लाल गांधी उठल्या, खूप खाजतंय. सासूबाई म्हणतात हे ढेकूणच. बॅगा अजून उघडल्या नाहीयेत, बाल्कनीत ठेवल्यात. काय करू? आणि फेब्रुवारीत रामेश्वरला जायचंय, तेव्हा काय काळजी घ्यायची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बॅगा घरात उघडल्या नाहीत हे फार बरं केलंत. मी एकदा लग्नाहून आल्या आल्या बॅग थेट पलंगावर ठेवून उघडली होती, ते निस्तरायला चार महिने गेले, म्हणून जीव तोडून सांगतेय.

आधी गांधींबद्दल. ढेकूण चावल्याची खूण काही जणांना लगेच दिसते, काहींना चक्क आठ-दहा दिवसांनी, आणि काहींना कधीच नाही. त्यामुळे तिसऱ्या दिवशी उठल्या म्हणजे ढेकूण घरात शिरलेच असं समजू नका, लॉजमधलं चावणं आत्ता दिसत असेल. पण दोन-तीन आठवड्यांनंतरही नवीन गांधी येत राहिल्या तर मात्र घरातच शोधायला लागायचं. ढेकणांमुळे कुठला रोग पसरत नाही, तेव्हा मुलीची त्या बाबतीत काळजी करू नका, फक्त खाजवून जखम होऊ देऊ नका, आणि फारच सुजलं तर डॉक्टरांना दाखवा.

आता बॅगा. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही, नुसता चालतो, आणि पाच-दहा मिनिटं रक्त पिऊन झालं की परत फटीत जाऊन लपतो. उवेसारखा अंगाला चिकटून राहत नाही. म्हणजे घरी येतो तो बॅगेच्या शिवणीतून नाहीतर कपड्यांच्या घडीतून. त्यातही वापरलेले कपडे त्याला जास्त आवडतात, शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये हे तपासलं होतं, धुतलेल्या कपड्यांपेक्षा घामेजलेल्या कपड्यांवर दुप्पट ढेकूण जमले. म्हणून प्रवासात मळके कपडे खुर्चीवर किंवा जमिनीवर टाकून ठेवायचेच नाहीत, काढले की लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि तोंड घट्ट बांधायचं.

तुमच्या बॅगा बाल्कनीतच उघडा. कपडे पिशवीत भरून थेट मशीनमध्ये, 60 डिग्रीवर. मशीनला हीटर नसेल तर सुती कपडे बादलीत कडकडीत गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. ज्यांना गरम पाणी चालत नाही ते, म्हणजे शाली, स्वेटर, डीप फ्रीजरमध्ये पिशवीत बांधून चार दिवस, पण फ्रीजर खरोखर उणे 18 ला असला पाहिजे. उन्हात टाकायचं म्हणाल तर नाशिकच्या थंडीतल्या उन्हाने काही होत नाही हो. मे महिन्यात गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकखाली पातळ थर पसरला तर गोष्ट वेगळी, तेव्हासुद्धा भरलेली बॅग उन्हात ठेवून उपयोग नाही कारण आत मधोमध उष्णता पोचतच नाही आणि ढेकूण तिथेच सरकतात.

रिकाम्या बॅगेच्या शिवणी, चेन, चाकांच्या खाचा, अस्तराचे कोपरे व्हॅक्यूमने ओढून घ्या, मग स्टीम इस्त्रीची वाफ अगदी सावकाश फिरवा. बॅग महिनाभर माळ्यावर टाकली की उपाशी मरतील असं वाटतं, पण ते उपाशीपोटी कित्येक महिने काढतात.

रामेश्वरला गेल्यावर खोलीत शिरलात की सामान आधी बाथरूममध्ये कोरड्या फरशीवर ठेवा आणि मग मोबाईलच्या टॉर्चने पलंग बघा. डोक्याकडची चादर उचला, गादीच्या चारही कोपऱ्यांची पायपिंग, खालची बाजू, पलंगाच्या फळीच्या फटी, स्क्रूची भोकं. मोठा ढेकूण मसुरीच्या डाळीएवढा, तपकिरी, चपटा. तो दिसला नाही तरी शाईच्या टिपक्यांसारखे काळे ठिपके दिसतात, ओलं फडकं लावलं की ते पसरतात. ढेकणांनी टाकलेली पांढुरकी कात, जेमतेम एक मिलिमीटरची पांढरी अंडी, आणि तो वास, सासूबाईंना विचारा, ज्यांनी लहानपणी बाजेवर उकळतं पाणी ओतताना पाहिलंय ते तो विसरत नाहीत. काहीही दिसलं तर खोली बदलून मागा, लाजू नका, आणि अगदी शेजारची किंवा वरची-खालची खोली घेऊ नका. ठीक वाटलं तरी बॅग पलंगावर ठेवायची नाही, चेन लावून स्टुलावर नाहीतर भिंतीपासून लांब. ट्रेनमध्ये बर्थखाली ठेवायच्या बॅगेला बाहेरून मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला, घरी आलं की ती दारातच काढून टाकायची.

प्रश्न : पलंगात ढेकूण सापडले. धान्यात ठेवायच्या गोळ्या गादीखाली ठेवून खोली बंद केली तर चालेल असं शेजारी म्हणतात, खरं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, अजिबात नाही, कृपा करून आणू पण नका! ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या त्या गोळ्यांमधून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो, त्याच्यावर उतारा नाही, आणि तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या फ्लॅटमध्येही जातो. आपल्याकडे यात झोपेत माणसं गेलीत, लहान मुलं गेलीत. आधीच ठेवल्या असतील तर सगळ्यांना घेऊन लगेच बाहेर पडा, शेजाऱ्यांनाही उठवा, गोळ्यांना हात लावू नका, त्यांच्यावर पाणी ओतू नका आणि 112 ला फोन करा. कोणाला मळमळ किंवा दम लागत असेल तर 108 ची ॲम्ब्युलन्स बोलवा आणि गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा.

ढेकणांसाठी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि दुसरी फेरी दहा-पंधरा दिवसांनी घ्यायचीच असं आधीच ठरवून घ्या, कारण पहिल्या फवाऱ्यात अंडी वाचतात. बाजारातला साधा स्प्रे मारत बसू नका, पुष्कळ ढेकूण आता त्याला दाद देत नाहीत, नुसते पलंगातून निघून भिंतीच्या फटीत जाऊन बसतात.