खेळणं आणि पुस्तक, एकाच टेबलावर

प्रश्न : मुलगी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला खेळणी डिझाइन करायची आहेत आणि मुलांची पुस्तकंही. दोन्ही जमेल का? शिकायचं कुठे? (एक पालक, सांगली)

जमेल, आणि दोन्ही कामं एकमेकांना पोसतात. खेळण्यांसाठी थेट अभ्यासक्रम हवा असेल, तर एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) टॉय अँड गेम डिझाइनमधला एमडेस, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, गांधीनगरच्या आवारात. डॅट या तिथल्या प्रवेश परीक्षेची पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा, दोन्ही द्याव्या लागतात. चित्रपुस्तकाकडे जास्त ओढा असेल, तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात कम्युनिकेशन डिझाइन आहे. त्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा.

पोर्टफोलिओत दहा देखणी खेळणी नकोत. एकच खेळणं घ्या आणि त्याचे पाच-सहा टप्पे दाखवा, मोडलेले नमुनेसुद्धा. कुठे मोडलं आणि पुढच्या नमुन्यात काय बदललं, हे प्रत्येकाखाली एका ओळीत लिहा.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम केलेले अरविंद गुप्ता यांची आगपेटीच्या काड्यांची खेळणी मुलीने स्वतः करून पाहावीत. काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडायच्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. हे बोटांना कळतं, आणि कृतीच्या पानावर चित्रानेच कळतं. तिने असंच एक पान तयार करावं, अक्षरं झाकून आठ वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावं आणि गप्प बसून बघावं. मुलाचा हात जिथे थांबतो, तिथे एक चित्र कमी पडलंय.

प्रश्न : पॉप-अप पुस्तक (पान उघडलं की चित्र उभं राहतं ते) करतेय. मिटल्यावर घराचं छप्पर पानाबाहेर येतं आणि दहा-बारा वेळा उघडलं की घडीपाशी फाटतं. काय चुकतंय? (वाचक, रत्नागिरी)

दोन वेगळ्या चुका आहेत.

बाहेर येणं हे मापाचं काम. पान काटकोनात उघडल्यावर उभा राहणारा साधा डबा घ्या. पुस्तकाच्या मधल्या घडीपासून डावीकडे ६ सेंमीवर एक पट्टी चिकटवली, उजवीकडे १० सेंमीवर दुसरी. मग डाव्या पट्टीपासून निघणारी बाजू १० सेंमीची आणि उजवीकडून येणारी ६ सेंमीची हवी, तरच डबा सपाट मिटतो. मिटल्यावर त्याचा कोपरा घडीपासून १० अधिक ६, म्हणजे १६ सेंमीवर जातो. पान १८ सेंमी रुंद असेल तर ठीक, १५ असेल तर छप्पर डोकावणारच. बेरीज पानाच्या रुंदीपेक्षा निदान ५ मिमीने कमी ठेवा, आणि छपराची वळचण पुढे काढली असेल तर तीही बेरजेत धरा. ती हमखास विसरली जाते.

फाटणं हे बहुतेक कागदाच्या धाग्याचं. कागदाला लाकडासारखी दिशा असते. चौकोनी तुकडा आडवा आणि उभा हलकेच वाकवा. ज्या बाजूने सहज वळतो, त्याच दिशेने मुख्य घडी आली पाहिजे. धाग्याला आडवी घडी घातली की तंतू तुटतात, कडा खरबरीत होते आणि फाट तिथूनच सुरू होते. कागद २०० ते २५० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) घ्या. घडी बोटाने दाबू नका, आधी संपलेल्या रिफिलने रेघ ओढून घ्या. घडीजवळ काप असेल तर त्याच्या टोकाला २ मिमीचं गोल भोक पाडा. ताण एका बिंदूवर न येता पसरतो. चिकटपट्टी १ सेंमी रुंद, टोकं तिरकी कापलेली. फेविकॉल अगदी पातळ लावा, कारण त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि सुकल्यावर डबा वाकडा बसतो. पान मिटून रात्रभर वजनाखाली ठेवा.

प्रश्न : पुस्तकासोबत ओढायची लाकडी गाडी विकायची आहे. परवानगी लागते का? (वाचक, सावंतवाडी)

लागते. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना मात्र सूट आहे, म्हणून आधी ती नोंदणी तपासा.

सूट असली तरी तपासणी सोडू नका. आधी मूल गिळू शकेल असे लहान भाग शोधा. ३१.७ मिमी व्यासाचं, तळ तिरका असलेलं (खोली एका बाजूला २५.४, दुसरीकडे ५७.१ मिमी) नळकांडं करून घ्या. गाडीचा कुठलाही सुटा किंवा निखळणारा भाग त्यात पूर्ण मावला, तर ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. रंगातून सुटणारं शिसं किलोला ९० मिलिग्रॅमच्या आत हवं. रंगवाल्याकडून चाचणीचा कागद मागा. आणि कोकणातला पाऊस लक्षात ठेवा: ८ मिमीच्या लाकडी कण्याला बरोबर ८ चं भोक पाडलं, तर आषाढात चाक फिरणार नाही. साडेआठ ठेवा.

प्रश्न : प्रकाशक एकरकमी पैसे देऊन 'सर्व हक्क' मागतात. माझ्या पात्राची बाहुलीही काढायची आहे. (चित्रकार, ठाणे)

'सर्व हक्क' या दोन शब्दांवर सही करू नका. छापील पुस्तक, भाषांतर, ध्वनिरूप आणि खेळणी-वस्तू असे चार हक्क वेगवेगळे लिहून घ्या, आणि शेवटचा स्वतःकडे ठेवा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत.

बाहुलीची गोष्ट निराळी. नोंदवता येण्यासारखा आकार नोंदवला नाही आणि कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त नग काढले, तर त्या आकारावरचा कॉपीराइट संपतो. डिझाइन नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे पाच वाढवता येतात. पण आकार आधीच जगासमोर आलेला असेल तर नोंदणी मिळत नाही. त्यामुळे बाहुलीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायच्या आधी अर्ज भरा.