पहिल्या भेटीतच सांगून टाकायचं ते

प्रिय मुली,

एम.ए. झालं, कांदिवलीच्या क्लिनिकमध्ये आठवड्यातून तीन दिवस बसायला मिळालं, आणि आता विचारतेस, आधी कोणती थेरपी शिकू? सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी, शीक, पुढे आणखी काही शीक, त्याला माझी ना नाही. पण नवे समुपदेशक अडकतात ते तंत्र कमी पडलं म्हणून क्वचितच. पहिल्या भेटीत जे स्पष्ट बोलायला हवं होतं ते संकोचापोटी राहून जातं आणि महिन्याभराने अंगावर येतं. म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

पहिल्या भेटीतली सुरुवातीची दहा मिनिटं संमतीसाठी राखून ठेव. क्लायंट दारातूनच रडत आला तर पाणी दे, थांब. पण त्याने मोठं काही उघड करण्याआधी गोपनीयतेच्या मर्यादा त्याच्या कानावर पडायलाच हव्यात. फॉर्मवर सही घेतली म्हणजे संमती झाली असं नव्हे. तोंडाने सांग, साधारण असं: "तुम्ही इथे बोलाल ते माझ्यापाशीच राहील. मात्र तुमच्या जिवाला धोका वाटला, तुमच्याकडून दुसऱ्या कोणाला इजा होईल असं वाटलं, अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा कोर्टाचा आदेश आला, तर मला बाहेर बोलावं लागेल. जमेल तेव्हा ते आधी तुम्हाला सांगूनच करेन. आणि केसबद्दल मी माझ्या सुपरवायझरशी, म्हणजे माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी व्यक्तीशी बोलते, नाव न घेता." मग विचार, "आता हे तुमच्या शब्दांत मला सांगाल?" नुसती मान हलली तर ती समजल्याची खूण धरू नकोस. आपल्याकडे 'मॅडम'समोर मान हलवायची सवयच असते.

यातला मुलांबद्दलचा मुद्दा तुझ्या मर्जीवर नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यातला आहे तो. त्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती मिळाली, किंवा असं घडेल अशी धास्ती वाटली, तर स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सतरा वर्षांची मुलगी "कोणाला सांगू नका हं" म्हणून बोलायला लागली आणि तू आधी काहीच सांगितलेलं नसेल, तर कायदा पाळूनही तिचा विश्वास जातो. तिच्या राजीखुशीचं प्रकरण असलं तरी कायद्याने संमतीचं वय अठराच आहे. अशी गोष्ट समोर आली की एकटीने काही ठरवू नकोस. त्याच दिवशी सुपरवायझर आणि वकील, दोघांशी बोल.

मुंबईत तुला सगळ्यात जास्त छळणार आहेत ते घरचे. चोवीस वर्षांच्या मुलाला आई घेऊन येते, फी वडील भरतात आणि चौथ्या दिवशी मामाचा फोन येतो, "काय म्हणत होता तो?" मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क त्या मुलाला दिलाय, फी भरणाऱ्याला नाही. त्यांच्यावर चिडू नकोस, काळजीपोटीच करतात बिचारे. एवढंच म्हण, "आत काय बोलणं झालं ते त्याच्याकडूनच कळू दे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर ऐकून घेते, पण तुम्ही फोन केला होता हे मी त्याला सांगेन." या शेवटच्या वाक्याने बरेचसे फोन आपोआप बंद होतात. मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची संमती लागते. पालकांना काय कळवणार आणि काय नाही, हे मात्र मुलासमोरच ठरव.

आता आत्महत्येबद्दल. इथे मराठीच आपल्याला दगा देते. "तसलं काही मनात नाही ना?" असं विचारलंस की उत्तर 'नाही' असंच येणार, कारण प्रश्नातच ते भरवलेलं आहे. सरळ विचार: "जगूच नये असं वाटतं का?" उत्तर हो आलं तर, "जीव द्यायचा विचार येतो का?" मग कसा, कधी, त्यासाठी काही जमवलंय का, पूर्वी प्रयत्न झालाय का. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घेत असशील तर नुसती बेरीज पाहू नकोस. नववा प्रश्न याबद्दलचाच आहे. एकूण गुण सहा असोत की सोळा, तिथे शून्याच्या पुढे काहीही दिसलं की त्याच भेटीत बोलायचं.

"मला वचन दे" हा प्रकार करू नकोस. वचनाने फक्त आपली झोप सुधारते. त्याऐवजी त्याच्यासोबत बसून सुरक्षेची योजना लिही, त्याच्याच शब्दांत. धोक्याची खूण कोणती: "रात्री घरात पैशांवरून भांडण झालं की." तेव्हा एकट्याने काय करता येईल. मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा कोणत्या: सोसायटीखालचा कट्टा, मित्राचं दुकान. मदत कोणाकडे मागायची, नाव आणि नंबर. मग व्यावसायिक मदत: तू, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ (चोवीस तास, मराठीतही), जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग. शेवटी घर सुरक्षित करणं, म्हणजे गोळ्यांचा साठा कोणाच्या ताब्यात द्यायचा आणि आजच कसा. हा कागद त्याच्या मोबाइलमध्ये फोटो काढून जाऊ दे. "पोलीस केस होईल" या भीतीने लोक आधीचा प्रयत्न लपवतात. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं धरून चालतं की तो माणूस तीव्र ताणाखाली होता, म्हणून त्याला शिक्षा होऊ नये. हे त्याला सांग.

कोणाला पुढे पाठवायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असू दे. कानात आवाज येणं, दिवसेंदिवस झोप नसून अंगात जोर असणं, खाणंपिणं सुटणं, यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा. केईएम, नायर, सायन इथे मानसोपचार विभाग आहेत. ओपीडीचे वार आणि वेळा आधीच माहीत करून घे, रडणाऱ्या माणसासमोर गूगल करत बसू नकोस. नुसती धडधड, घाम, थकवा असेल तरी आधी फॅमिली डॉक्टरकडून थायरॉइड आणि हृदयाचं पाहून घेऊ दे. "गोळी अर्धी करू का?" याला एकच उत्तर: ज्यांनी दिली त्यांना विचारा. आणि कोणी "बाहेरचं आहे" म्हणालं तर हसूही नकोस, मानही डोलवू नकोस. घरात त्याचा अर्थ काय लावतात, ते विचार.

नोंदी त्याच दिवशी, सेशन संपल्यावर. 'नवरा दारुडा' असं लिहू नकोस. 'क्लायंटच्या सांगण्यानुसार नवरा रोज रात्री पितो' असं लिही. पाहिलेलं, ऐकलेलं आणि तुझा अंदाज वेगवेगळं ठेव. उद्या ही फाइल क्लायंट मागेल किंवा वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात जाईल. दोन्हीकडे ती वाचली गेली तरी तुला खाली बघायला लागू नये. गॉसिप वाटेल असा तपशील मुळात उतरवूच नकोस.

बाकी बारीकसारीक. सेशन पन्नास मिनिटांचं, मोठा विषय शेवटच्या पाच मिनिटांत निघाला तर पुढच्या वेळी (जिवाचा धोका सोडून). व्हॉट्सॲप फक्त वेळ ठरवायला. रद्द करण्याची फी असेल तर जुलैत लोकल बंद पडल्यावर काय, तेही आधीच सांग. दिवाळीचा फराळ घे, पाकीट नको. दादरच्या पुलावर समोरासमोर आलात तर तू ओळख दाखवणार नाहीस, त्यांनी दाखवली तर हसशील, हेही पहिल्याच भेटीत बोलून ठेव. नाहीतर त्यांना वाटतं मॅडमनी तोंड फिरवलं. ऑनलाइन सेशन असेल तर दर वेळी सुरुवातीला तीन प्रश्न: आत्ता कुठे आहात, शेजारी कोण आहे, कॉल तुटला तर कुठल्या नंबरवर करू. एका खोलीच्या घरात 'हो, एकटाच आहे' याचा अर्थ बऱ्याचदा आई स्वयंपाकाच्या ओट्याशी आहे असा असतो. विषय पटकन बदलायला एक ठरलेला शब्द असू दे.

सुपरविजन सुरुवातीला दर आठवड्याला हवंच. अवघड केसेस नेशीलच; जिच्याबरोबर तुला फार छान वाटतं, वेळ कसा गेला कळत नाही, ती केसही ने.

तुझी,
ताई

ता. क. पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहायचा मोह टाळ. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती नुसत्या एम.ए.वर मिळत नाही. 'समुपदेशक' लिही, खाली पदवी लिही. केमिस्ट तुला 'डॉक्टर' म्हणाला तर तिथल्या तिथे दुरुस्त कर, कारण त्याच्याच काउंटरवरून पेशंट तुझ्याकडे येणार आहेत आणि झोपेच्या गोळ्या लिहून मागणार आहेत.