टायटल एजंटचा परवाना: फ्लोरिडात काय लागतं, टेक्सासला गेल्यावर काय होतं

ताई, तुम्ही टॅम्पात राहता, रिअल इस्टेटचं लायसन्स आधीच आहे, एच-४ ईएडीवर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) आहात आणि पुढच्या वर्षी ऑस्टिनला जाण्याची शक्यता आहे. अशा वेळी टायटल एजंटचा कोर्स आत्ताच करावा का, हा तुमचा प्रश्न. टायटल एजंट म्हणजे घराच्या मालकीहक्कात पुढे दोष निघाला तर भरपाई देणारी पॉलिसी (टायटल विमा) विमा कंपनीच्या वतीने देणारा. आधी एक स्पष्ट करतो: रिअल इस्टेट लायसन्सचा इथे काही उपयोग नाही. सरकारी खातं वेगळं, कायदा वेगळा, परीक्षा वेगळी. अमेरिकेत १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यापासून विम्याचं नियमन राज्यांकडे आहे, त्यामुळे देशभर चालेल असा एकच परवाना मिळत नाही.

फ्लोरिडात या परवान्याला '४-१०' म्हणतात. वय किमान १८, फ्लोरिडात खरंखुरं वास्तव्य, आणि नागरिकत्व किंवा काम करण्याची वैध परवानगी हवी. म्हणजे ईएडी चालतं. पण नूतनीकरण रखडून ईएडीची मुदत संपली, तर त्या काळात काम करता येत नाही, मग परवाना हातात असला तरी.

पात्रतेचे दोन रस्ते आहेत. एक, राज्याने मान्य केलेला ४० तासांचा कोर्स. दुसरा, अर्जाच्या आधीच्या ४ वर्षांत किमान १२ महिन्यांचा जबाबदारीच्या कामाचा अनुभव. हा दुसरा रस्ता सोपा वाटतो आणि तिथेच बरेच जण अडकतात. अनुभव टायटल एजन्सी, विमा कंपनी किंवा क्लोजिंग (घराच्या खरेदीचा व्यवहार पूर्ण करणं) करून पॉलिसी देणारा वकील, यांच्याकडे जवळजवळ पूर्णवेळ पगारी कर्मचारी म्हणून, देखरेखीखाली घेतलेला हवा. कंत्राटावर केलेलं काम, आठवड्यातून दोन दिवसांची मदत किंवा रिअल इस्टेट एजंट म्हणून क्लोजिंगला हजर राहणं यात धरलं जात नाही. परवाना लगेच हवा असेल, तर तुमच्यासाठी कोर्सचाच रस्ता आहे.

अर्ज वित्तीय सेवा विभागाच्या 'मायप्रोफाइल' खात्यातून जातो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे असते आणि पास व्हायला ७० टक्के लागतात. १२ महिन्यांत पाचपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही. पॉलिसीचे प्रकार पाठ करून लोक जातात आणि एस्क्रो (व्यवहार पूर्ण होईपर्यंत तिऱ्हाइताकडे ठेवलेला पैसा) याचे नियम, होमस्टेड (राहत्या घराला कायद्याचं संरक्षण), जजमेंट लीन (कोर्टाच्या निकालाने मालमत्तेवर बसलेला बोजा) यांवर गुण घालवतात. जुना गुन्हा असेल तर तो लपवू नका. ठशांमधून तो दिसतोच, आणि मग मूळ गुन्ह्याइतकीच खोटी माहिती दिल्याची बाब महागात पडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परवाना मिळाला म्हणजे पॉलिसी देता येते असं नाही. एखाद्या टायटल विमा कंपनीने तुमची 'अपॉइंटमेंट' राज्याकडे नोंदवावी लागते. ती नसेल तर परवाना नुसता कागद आहे, आणि सलग ४८ महिने एकही अपॉइंटमेंट नसेल तर तो संपतो. नव्या माणसाला कंपनी सहसा थेट नेमत नाही, म्हणून पहिली दोन वर्षं चालू एजन्सीत काढणंच शहाणपणाचं.

स्वतःची एजन्सी काढायची तर तिचा परवाना वेगळा, प्रत्येक ठिकाणी जबाबदार एजंट नेमलेला, आणि वर तीन सुरक्षा: किमान ५०,००० डॉलरचा फिडेलिटी बाँड (कर्मचाऱ्यांच्या अफरातफरीपासून संरक्षण), किमान ३५,००० डॉलरचा शुअरिटी बाँड (एजन्सीने जबाबदारी मोडली तर भरपाईची हमी), आणि प्रत्येक दाव्यामागे किमान २,५०,००० डॉलरचा चुका-त्रुटींचा विमा, ज्याचं डिडक्टिबल (दाव्यातला स्वतः भरायचा हिस्सा) १०,००० डॉलरपेक्षा जास्त नको. एस्क्रोचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. तो दुसरीकडे वळवणं म्हणजे थेट फौजदारी गुन्हा. महिन्याला तीन बाजूंचा ताळमेळ घाला: बँकेचं स्टेटमेंट, तुमची वही आणि प्रत्येक फाइलची शिल्लक. पहिले दोन जुळले म्हणून थांबू नका, कारण एका फाइलची तूट दुसऱ्या फाइलच्या पैशात झाकली गेलेली फक्त तिसऱ्या यादीत दिसते.

पुढे दर २ वर्षांनी १० तासांचं शिक्षण, त्यातले ३ नीतिनियम आणि टायटल-क्लोजिंगच्या कायद्यांवर. मुदत जन्ममहिन्याच्या शेवटी संपते.

तुमच्याकडे रिअल इस्टेट आणि टायटल असे दोन्ही परवाने असतील, तर घरखरेदीच्या व्यवहारांवरच्या १९७४च्या रेस्पा या केंद्रीय कायद्याचं कलम ८ तोंडपाठ हवं. गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं बंद. दंड १०,००० डॉलरपर्यंत आणि एक वर्षापर्यंत कैद. स्वतःची भागीदारी असलेल्या एजन्सीकडे ग्राहक पाठवत असाल, तर ते लेखी सांगा आणि तिथेच जाण्याची सक्ती करू नका.

टेक्सासमध्ये चित्रच वेगळं आहे. तिथे टायटल एजंट म्हणजे बहुधा आख्खी कंपनीच, आणि तिच्याकडे काउंटीनिहाय, जमिनीप्रमाणे लावलेल्या नोंदींचा संग्रह, म्हणजे 'ॲबस्ट्रॅक्ट प्लँट', मालकीचा किंवा भाड्याने असावा लागतो. एकट्या माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नाही ती. तुमच्यासाठी तिथला मार्ग 'एस्क्रो ऑफिसर'चा (क्लोजिंग आणि त्यातला पैसा सांभाळणाऱ्याचा), आणि तो परवाना नोकरी देणाऱ्या एजंटमार्फतच मिळतो. म्हणजे आधी नोकरी, मग परवाना. फ्लोरिडाचे ४० तास तिथे मोजले जात नाहीत. न्यूयॉर्कने तर २०१४च्या कायद्यानंतर परवाना सुरू केला, आणि आयोवात खाजगी टायटल विमा विकायलाच बंदी आहे, तिथे राज्याची हमी योजना चालते.

म्हणून कोर्सचे पैसे आत्ता भरू नका. ऑस्टिनचं नक्की होईपर्यंत टॅम्पातल्या एखाद्या एजन्सीत क्लोजिंग प्रोसेसरची (व्यवहाराची कागदपत्रं तयार करणाऱ्याची) पूर्णवेळ नोकरी बघा. नुसत्या कारकुनी कामाला परवाना लागत नाही. फ्लोरिडातच राहिलात आणि जबाबदारीचं काम मिळालं, तर १२ महिन्यांचा अनुभव मोजला जाईल. गेलात, तर टेक्सासच्या एजंटसमोर दाखवायला कामाचा अनुभव असेल. नोकरी घेताना नेमणूकपत्रावर 'पूर्णवेळ' आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या. विभागाला नंतर तेच दाखवावं लागतं.